खाडा

आमच्या मराठवाड्यात ‘शेक’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. बाळंतिणीला शेगडीचा शेक देतात, म्हाताऱ्याच्या दुखऱ्या गुडघ्याला तव्यावर तापवलेल्या फडक्याचा शेक देतात. आणि कर्करोगाच्या रुग्णावर शहरातील मोठ्या रुग्णालयात जे किरणोपचार होतात, त्यांनाही लोक ‘शेक’च म्हणतात. ‘किती झाले?’ ‘चौदा झाले, अकरा राहिले,’ एवढ्या दोन वाक्यांत तेथील रुग्ण एकमेकांची ओळख करून घेतात. या शब्दाने एक गैरसमज मात्र घट्ट बसविला आहे. शेक म्हटला की ऊब आली, चटका आला. आणि एखाद्या दिवशी शेक चुकला तर तो मागाहून घेता येतो, अशीही समजूत आली. मी स्वतः ही समजूत बाळगून होतो. तिची जी किंमत पडली ती मी भरली नाही, दुसऱ्या कोणी भरली असावी. म्हणून हे लिहीत आहे.

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात चकलांबा हे गाव आहे. त्या बाजूला आमची मोजकी ख्रिस्ती घरे आहेत. मी महिन्यातून एकदा तिकडे जातो, एखाद्याच्या अंगणात मेजावर पांढरे वस्त्र अंथरून मिस्सा अर्पण करतो आणि संध्याकाळच्या गाडीने परततो. दसरा-दिवाळी आटोपली की या भागातील गावे अर्धी ओस पडतात. माणसे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेताना नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरतात. कोयत्याचा एक दिवस बुडाला तर तो ‘खाडा’, आणि खाड्याचा दंड उचलीच्या हिशेबात चढतो. आजारपण असो, बाळंतपण असो, घरातले मर्तिक असो, मुकादमाच्या वहीत त्या सर्वांचे नाव एकच असते.

२०१७ सालच्या पावसाळ्यात या भागातील आमच्या एका बाईंना अंगावरून जाण्याचा त्रास सुरू झाला. त्यांचे नाव येथे लिहीत नाही; आमच्या धर्मग्रामाच्या बाप्तिस्म्याच्या व दफनाच्या नोंदवह्यांत ते लिहिलेले आहे. वय पंचेचाळीसच्या आसपास. पुष्कळ दिवस त्यांनी दुखणे कोणाला सांगितलेच नाही. शेवटी तपासणी झाली आणि गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती, परंतु किरणोपचारांनी बरे होण्याची चांगली आशा होती. डॉक्टरांनी पंचवीस शेक लिहून दिले, त्यानंतर आतून द्यावयाचे वेगळे, आणि आठवड्यातून एकदा सलाईनमधून औषध. नवरा, मुलगा आणि सून कारखान्यावर गेलेले, कारण उचल फिटावयाची होती. बाई नणंदेला सोबत घेऊन रुग्णालयाजवळच्या धर्मशाळेत राहिल्या. ५ डिसेंबरला त्यांना पहिला शेक मिळाला.

नाताळच्या चार-पाच दिवस आधी मी त्यांना भेटावयास गेलो. प्रार्थना झाली, ख्रिस्तप्रसाद दिला. निघताना त्या म्हणाल्या, ‘फादर, धाकट्या पोरीचं पहिलं कम्युनियन हाय नाताळाला. चार दिवस घरी आले तर चालंल का? ऱ्हायलेले शेक मागून घेते.’

मी डॉक्टरांना विचारावयास हवे होते. त्यांची खोली वीस पावलांवर होती. पण सायंकाळ झाली होती, मला गाडी गाठावयाची होती, आणि दया ही गोष्ट त्या वेळी मला फार सोपी वाटत होती. ‘या की,’ मी म्हणालो, ‘देव काय चार दिवसांचा हिशेब मागणार आहे?’

चौदा शेक घेऊन त्या २२ डिसेंबरला, शुक्रवारी, गावी आल्या. नाताळच्या मिस्सेला भिंतीला टेकून गोधडीवर बसल्या. पांढऱ्या फ्रॉकमधली मुलगी ख्रिस्तप्रसाद घेऊन परत आली, तेव्हा आईने तिला जवळ ओढून तिच्या डोक्यावरचे फूल सारखे केले. तो प्रसंग मला लख्ख आठवतो. मग सासूबाईंना ताप भरला. नंतर ३ जानेवारी २०१८ चा महाराष्ट्र बंद आला. त्या आठवड्यात एस.टी.चा भरवसा उरला नाही. चार दिवसांचे सोळा झाले. ८ जानेवारीला, सोमवारी, पंधरावा शेक मिळाला. आतून द्यावयाचे उपचार संपावयास ९ फेब्रुवारी उजाडली.

त्याच महिन्यात मी पुन्हा रुग्णालयात गेलो असता तेथील डॉक्टरबाईंनी मला आपल्या खोलीत बोलावले. वयाने माझ्या भाचीएवढ्या. त्यांनी उपचारांचा तक्ता पुढे ठेवला. तारखांच्या घरांत बरोबरच्या खुणा होत्या आणि मधली घरे कोरी होती. ‘फादर, तुम्ही परवानगी दिली असे त्या म्हणतात,’ एवढेच त्या बोलल्या. मी मान खाली घातली. मग त्यांनी एका जुन्या केसपेपरच्या पाठीमागे एक रेषा काढली, आरंभी थोडी सपाट आणि पुढे उतरत जाणारी, आणि ती रेषा मला समजावून सांगितली. मी सेमिनरीत तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकलेला माणूस. पदार्थविज्ञानाचा नि माझा संबंध शाळेबरोबर संपलेला. तो कागद मी घडी करून प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवला आणि घरी येऊन वाचू लागलो. मला जे उमगले ते वाचकांपुढे मांडतो.

पहिली गोष्ट ही, की शेकात ऊब नसतेच. किरणांची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. एक किलो शरीरद्रव्यात एक ज्यूल ऊर्जा मुरली म्हणजे एक ग्रे झाला. सत्तर किलोच्या माणसाच्या सर्वांगाला एकाच वेळी चार ग्रे लागले तर त्याच्या शरीरात एकूण २८० ज्यूल ऊर्जा उतरते. गरम चहाच्या एका लहानशा घोटानेही तेवढी उष्णता पोटात जाते. अंगाचे तापमान अंशाच्या हजाराव्या भागाएवढेच वाढते. परंतु चहाच्या घोटाने कोणी मरत नाही, आणि सर्वांगाला चार ग्रे लागलेल्या माणसांपैकी, उपचार न मिळाल्यास, सुमारे निम्मी माणसे महिना-दोन महिन्यांत दगावतात.

एवढ्याशा ऊर्जेत एवढे सामर्थ्य कोठून येते? ती नेमक्या जागी घाव घालते म्हणून. हे किरण वाटेतील अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवून लावतात. म्हणून त्यांना आयनीकारक किरण म्हणतात. पेशीत बहुतेक पाणीच असते. त्या पाण्याचे रेणू फुटून क्षणभरच टिकणारे, पण अतिशय तापट असे तुकडे तयार होतात आणि ते पेशीच्या केंद्रकातील डीएनएवर तुटून पडतात. काही वेळा किरणांचा घाव थेट डीएनएवरच बसतो. डीएनए हा दुपदरी धागा आहे. एक ग्रे मात्रेने एका पेशीत एकच पदर तुटण्याचे प्रकार सुमारे एक हजार होतात, आणि दोन्ही पदर एकाच जागी तुटण्याचे प्रकार तीस-चाळीस. एक पदर तुटला तर समोरचा पदर पाहून पेशी तो बिनचूक सांधते. दोन्ही तुटले की टोकाला टोक जुळविताना चूक होण्याचा संभव असतो. सांधा नीट बसला तर पेशी जगते. तो चुकीचा बसला तर कधी ती मरते, कधी त्या चुकीसह जगते, आणि पुष्कळ वर्षांनी तीच चूक नव्या कर्करोगाचे बीज ठरू शकते. सांधताच आला नाही तर पेशी बहुधा विभागतेवेळी मरते. म्हणून ज्या पेशी भराभर विभागतात त्यांना किरण अधिक बाधतात. हा नियम फ्रान्समधील बेर्गोनिए व त्रिबोंदो यांनी १९०६ सालीच सांगितला होता. कर्करोगाच्या पेशी भराभर विभागतात. त्यांच्यावर किरण सोडण्यामागचे एक मोठे कारण हेच.

एवढे कळले की एकाच किरणाची निरनिराळी कामे उलगडू लागतात. आपल्या नाशिक जिल्ह्यातील लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली उभारलेल्या केंद्रात कांद्याला कोबाल्ट-६० चे गॅमा किरण देण्याची सोय झाली. कांद्याला साठ ते नव्वद ग्रे पुरतात. कांदा त्याने मरत नाही. कोंब फुटण्याच्या जागी ज्या विभागणाऱ्या पेशी असतात, तेवढ्यांची शक्ती जाते. तेथूनच २००७ पासून अमेरिकेला जाणारा आंबा निघू लागला. त्याला किमान चारशे ग्रे द्यावे लागतात, म्हणजे आत लपलेल्या किडीचा वंश खुंटतो. बियांना काही शे ग्रे देऊन जे बदल उपजतात, त्यांतून ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी पिकांचे नवे वाण निवडले. टीएजी-२४ हा भुईमूग आणि टीएयू-१ हा उडीद आमच्या शेतकऱ्यांच्या ओळखीचे आहेत. आणि ट्रॉम्बेलाच १९७४ साली सुरू झालेल्या ‘आयसोमेड’ या केंद्रात रुग्णालयाचे साहित्य निर्जंतुक करावयाचे तर मात्रा पंचवीस हजार ग्रेपर्यंत न्यावी लागते. जो किरण चार ग्रेने माणसाचा बळी घेतो, त्याला य:कश्चित जंतू हजारोंच्या मात्रेतही पुरून उरतात. ‘डायनोकॉकस’ नावाचा एक जिवाणू तर पाच हजार ग्रे पचवितो, कारण चिंध्या झालेला आपला डीएनए तो काही तासांत पुन्हा सांधतो. सांधण्याची शक्ती ज्याच्यापाशी अधिक, तो अधिक तगतो.

या शिडीच्या अगदी खालच्या पायरीवर आपण सर्वच उभे आहोत. माती, खडक, आकाश आणि आपले अन्न यांतून जगातील माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मात्रा मिळते. गॅमा किरणांपुरते बोलावयाचे तर एक मिलिसीव्हर्ट म्हणजे ग्रेचा हजारावा भाग. केरळात करुणागप्पळ्ळीच्या किनाऱ्यावर वाळूत थोरियम असल्याने ती कितीतरी पटींनी अधिक असते. तेथील सुमारे सत्तर हजार लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. त्यांत कर्करोग वाढल्याचे आढळले नाही. उलट हिरोशिमा व नागासाकीतून वाचलेल्या माणसांच्या दीर्घ पाहणीत, मात्रा जसजशी वाढली तसतसा कर्करोगाचा धोका वाढल्याचे दिसले. मात्र ग्रेच्या दहाव्या भागाखाली हा वाढीव धोका इतका लहान होतो, की नेहमीच्या कर्करोगांतून तो वेगळा काढणे कठीण जाते. शास्त्रज्ञ सावधगिरीने असे धरून चालतात, की धोका शून्यापासूनच मात्रेच्या प्रमाणात असतो. म्हणून छातीच्या एका एक्स-रेला घाबरून दुखणे अंगावर काढणे जितके चूक, तितकेच कारणावाचून वारंवार छायाचित्रे काढीत राहणेही चूक.

आता डॉक्टरबाईंच्या त्या रेषेकडे येतो. कोणत्या मात्रेला शंभरातील किती पेशी वंश वाढविण्यास समर्थ उरतात, याचा तो आलेख होता. मानवी पेशींबाबत असा आलेख प्रथम १९५६ साली अमेरिकेत थिओडोर पक आणि फिलिप मार्कस यांनी काढला. त्यासाठी त्यांनी वापरलेल्या पेशी कोणाच्या होत्या, हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो. त्या हेन्रिएटा लॅक्स नावाच्या एका गरीब कृष्णवर्णी स्त्रीच्या होत्या. पूर्वज गुलाम, स्वतः तंबाखूच्या शेतात राबलेली, पाच मुलांची आई. १९५१ साली बाल्टिमोरच्या रुग्णालयात तिच्यावर रेडियमचे उपचार झाले. तेव्हा तिला न विचारता तिच्या गाठीचा एक तुकडा काढून घेण्यात आला. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ती वारली; तिच्या पेशी प्रयोगशाळांतून आजतागायत वाढत आहेत. तिचा रोग गर्भाशयमुखाचा कर्करोगच होता. आमच्या बाईंना किती मात्रा द्यावी हे जगाला शिकविणाऱ्या पहिल्या पेशी त्यांच्यासारख्याच एका कष्टकरी आईच्या होत्या.

त्या आलेखाचा आरंभीचा जो सपाट भाग, त्याला शास्त्रज्ञ ‘खांदा’ म्हणतात. नाव मोठे सार्थ आहे. थोडी मात्रा पेशी खांद्यावर पेलते, झालेली मोडतोड सांधते आणि जगते; मात्रा त्यापलीकडे गेली की पेशी झपाट्याने मरू लागतात. १९५९ साली मॉर्टिमर एल्काइंड आणि हॅरिएट सटन यांनी दाखविले, की एकच मात्रा दोन भागांत, मध्ये काही तास ठेवून दिली तर पुष्कळ अधिक पेशी वाचतात. मधल्या वेळात पेशी मोडतोड सांधून पुन्हा पूर्ण खांद्यानिशी उभी राहते. त्याच्याही आधी, १९२० च्या दशकात, पॅरिसमध्ये क्लॉडियस रेगो यांनी एडक्यांवर प्रयोग केले होते. एडक्याची बीजपेशी मारावयाची मात्रा एका दमात दिली तर वरची कातडी वाईट रीतीने भाजून निघे. तीच हप्त्याहप्त्याने दिली तर कातडी सावरे आणि भराभर विभागणाऱ्या बीजपेशी मात्र संपत. येथेच आजच्या पंचवीस शेकांचे मूळ आहे. रोज दोन ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, एकूण पन्नास ग्रे. सर्वांगाला पन्नास ग्रे लागले तर कोणीही जगणार नाही. नेमक्या जागी आणि दिवसांत वाटून दिलेले तेच पन्नास ग्रे जीव वाचवितात. दोन शेकांमधल्या रात्रीत शेजारचे मूत्राशय, आतडे, कातडी आपापली मोडतोड सांधून घेतात. रोगट पेशींना ते तितके साधत नाही.

परंतु त्यांना ते मुळीच साधत नाही असेही नाही. त्यांतील ज्या उरतात त्या वाढतच असतात, आणि उपचार काही आठवडे लांबला तर अधिकच वेगाने वाढू लागतात. मग रोजच्या दोन ग्रेतील काही भाग नुसता ती नवी वाढ छाटण्यातच खर्च होतो. चुकलेले शेक पुढे एकत्र उरकावेत म्हटले तर तेही सहजी जमत नाही. दोनाचे चार ग्रे केले की निरोगी अवयवांचा खांदा मोडतो, आणि त्याचे परिणाम वर्षा-दोन वर्षांनी दिसतात. म्हणून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सर्व किरणोपचार, आतले व बाहेरचे मिळून, आठ आठवड्यांच्या आत संपवावेत असा दंडक आहे. त्यापुढे गेलेल्या प्रत्येक दिवसामागे रोग जागीच आटोक्यात येण्याची शक्यता अर्ध्या ते एका टक्क्याने घटते, असे निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत आढळले आहे. आमच्या बाईंना पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत सदुसष्ट दिवस लागले. आठ आठवड्यांचे छप्पन्न. वरचे अकरा.

मुंबईच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयात या रोगाच्या बळावलेल्या अवस्थेतील ८५० स्त्रियांवर झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. नुसत्या किरणांनी पाच वर्षांनंतर शंभरातील सेहेचाळीस जणी हयात होत्या. किरणांबरोबर दर आठवड्याला सिसप्लाटिन हे औषध दिलेल्या गटात चोपन्न. शंभरामागे आठ जणी अधिक वाचल्या. एवढे पदरात पाडण्यासाठी किती डॉक्टरांनी किती वर्षे खपावे! आणि त्या अकरा दिवसांचा हिशेब कोणीही करून पाहावा. त्यांनी कष्टाने मिळविले तेवढेच जवळजवळ मी गाडी गाठण्याच्या घाईत, एका गोड वाक्यात, घालविले असेन.

‘असेन’ हा शब्द मी माझ्या सोयीसाठी लिहिलेला नाही. तो डॉक्टरबाईंचा आहे. ‘फादर,’ त्या म्हणाल्या होत्या, ‘हे आकडे शेकडो स्त्रियांचे आहेत. एका बाईच्या बाबतीत काय झाले असते, ते सांगत नाहीत. खंड पडला नसता तरी रोग परतला असता, असे होऊ शकते. खंड पडूनही बऱ्या होणाऱ्या आहेतच. मात्र पुढल्या वेळी कोणी विचारले, तर आधी मला विचारा.’

ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेतील ९७८ वे कलम म्हणते, की प्रायश्चित्त संस्कारात धर्मगुरू न्यायाधीश असतो आणि वैद्यही असतो. सेमिनरीत हे कलम आम्हाला पाठ होते. न्यायाधीश होण्याची हौस तरुणपणी पुष्कळ असते. ती वयाबरोबर उतरते. मग वैद्य होणे सोपे वाटू लागते, कारण वैद्य म्हणजे प्रेमळ बोलणारा माणूस, अशी आपण आपली समजूत करून घेतो. वैद्याला मात्रा ठाऊक असावी लागते, हे मी विसरलो. गव्हातील निदणाच्या दाखल्यावर मी कित्येक प्रवचने दिली आहेत. निदण एकदम उपटू नका, त्याबरोबर गहूही उपटला जाईल, हा धन्याचा इशारा मी नेहमी धीराचा धडा म्हणून सांगत आलो. आज मला त्या धन्याचे ज्ञान अधिक दिसते. आपले शेत त्याला ठाऊक होते. केव्हा थांबावयाचे आणि कापणीला केव्हा हात घालावयाचा, हे दोन्ही तो जाणत होता. मी थांबा म्हणालो ते शेत न पाहता.

बाई वर्षभर बऱ्या राहिल्या. पुढच्या हंगामात सुनेच्या लेकराला सांभाळीत त्या घरीच होत्या. २०१९ च्या उन्हाळ्यात पाय सुजला, कंबर धरली आणि रोग परतल्याचे निष्पन्न झाले. पावसाळ्यात मी त्यांना रुग्णाभ्यंगाचा संस्कार देण्यास गेलो. तेल लावून, प्रार्थना म्हणून झाल्यावर घरातील माणसांना थोडा वेळ बाहेर बसावयास सांगितले. पापनिवेदन नेहमी ज्या बाजूने होते, त्याच्या उलट बाजूने त्या दिवशी झाले. मी म्हणालो, ‘बाई, त्या नाताळाला मी तुम्हाला ‘या’ म्हणालो, ते डॉक्टरांना न विचारता म्हणालो. म्हणावयास नको होते. मला क्षमा करा.’

त्या बराच वेळ आढ्याकडे पाहत होत्या. मग विचारले, ‘खाडा पडला व्हय तवा?’

‘हो,’ मी म्हणालो. ‘सोळा दिवसांचा.’

त्यांनी उशीवरची मान माझ्याकडे वळविली. ‘पोरीला पांढऱ्या कपड्यात बघितलं की मी, फादर. त्यो एक दिस खाड्यात धरू नका. बाकीचे धरा.’

ऑगस्टमध्ये त्या गेल्या. त्या वाक्याने त्यांनी मला माफ केले, की माझा हिशेब मला नेमका मांडून दिला, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. तो एक दिवस त्यांचा हक्काचा होता, एवढे मला मान्य आहे. नाताळ सोमवारी होता, यंत्र शनिवार-रविवार बंद असते. सोमवारी सुट्टी होती. मंगळवारी सकाळी त्यांना रुग्णालयात पोहोचविण्याची व्यवस्था मी केली असती, तर मुलीचे कम्युनियनही झाले असते आणि शेकही चुकला नसता. डॉक्टरबाईंना विचारले असते तर त्यांनी हेच सांगितले असते. सासूबाईंच्या औषधाला आमच्या सिस्टर गेल्या असत्या. दया करणे चूक नव्हते. दयेला लागणारे कष्ट मी घेतले नाहीत.

तेव्हापासून आमच्या धर्मग्रामातील कोणाचे शेक सुरू झाले, की मी त्यांच्या तारखा माझ्या वहीत लिहितो. सण आला की आधी रुग्णालयात विचारतो. २०२४ चा नाताळ बुधवारी आला. आमचे एक आजोबा घशाच्या रोगासाठी धर्मशाळेत होते. ‘घरी येऊ का?’ असे त्यांनी निरोपातून विचारले. डॉक्टर म्हणाले, बुधवारची सुट्टी आम्ही शनिवारी भरून काढू, पण मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी ते यंत्रावर हवेत. गावाकडचा रस्ता आणि गाड्यांचे वेळापत्रक पाहता ते जमणारे नव्हते. मी उलट निरोप पाठविला, ‘तुम्ही येऊ नका. आम्ही येतो.’

२४ तारखेला दुपारी चार वाजता आम्ही धर्मशाळेच्या ओसरीत मिस्सा केली. आजोबांची नात घरच्या करंज्या घेऊन आली होती. इतर रुग्णही चादरी पांघरून येऊन बसले. त्यांतील बहुतेक ख्रिस्ती नव्हते. आजोबांना गिळता येत नव्हते, म्हणून ख्रिस्तप्रसादाचा अगदी लहान कण पाण्याबरोबर दिला. मध्यरात्रीच्या मिस्सेसाठी मला परतावयाचे होते. निघताना त्यांच्या पाया पडून मी ‘बरे आहे ना?’ असे विचारले. त्यांचा आवाज गेलेला. त्यांनी बोटांनी आधी एकोणीस दाखविले, मग उद्याची सुट्टी म्हणून हात आडवा हलविला आणि परवाचे एक बोट उभे केले.